ठेका कोण धरतो?

31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर-सोलापूर ही 765 केव्हीची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिण भारताचे वीजजाळे उरलेल्या देशाशी एका वारंवारतेत आले. वीज त्याआधीही दक्षिणेत जात होती. चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीच्या केंद्रात एसी विजेची डीसी आणि तिची पुन्हा एसी करून ती पलीकडे सोडत. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या लहरी जुळलेल्या नसल्या तरी अडत नसे. मग सोलापूरने नवे काय साधले? तामिळनाडूतला एखादा संच बंद पडला, तर आता पंजाबातली जनित्रेही त्याच क्षणी किंचित मंदावतात आणि आपल्या फिरण्यातली ऊर्जा देऊन तूट सोसतात. लहरी जुळणे म्हणजे नुसती बरोबरी नाही, ती एकमेकांच्या ओझ्याची वाटणीही आहे. फिरत्या जनित्राऐवजी संगणकाने घडवलेल्या लहरीने बरोबरी चटकन आत्मसात केली. वाटणी मात्र तिच्यात फार उशिरा आली, आणि ती मुद्दाम घालावी लागली.

जुनी यंत्रे हे न शिकवता करत. 1665 साली आजारपणात अंथरुणाला खिळलेल्या ख्रिस्तियान हायगेन्सने पाहिले, की एकाच आधारावर टांगलेली दोन लंबकाची घड्याळे कशीही सुरू केली तरी थोड्या वेळात नेमक्या उलट ठेक्यात झुलू लागतात. आधाराची सूक्ष्म हालचाल त्यांना बांधत होती. त्यात एक घड्याळ गुरू आणि दुसरे शिष्य असा प्रकार नव्हता. वीजघरांतल्या जनित्रांची गोष्ट हीच. नवा संच जाळ्यात घेताना स्विचच्या दोन बाजूंमध्ये दिवे जोडत. ते संथपणे उजळत-विझत, आणि पूर्ण विझले की लहरी जुळल्या असे समजून चालक स्विच दाबी. पुढे या कामाला काटा असलेले उपकरण आले. पण माणसाचे कौशल्य तेवढ्या क्षणापुरतेच लागे. एकदा जोडल्यावर मागे पडणाऱ्या संचाला जाळे ओढून घेई आणि पुढे धावणाऱ्याला रोखून धरी.

इलेक्ट्रॉनिक लहरीला असा पदार्थाचा आधार नाही. 1932 साली फ्रान्समध्ये आंरी द बेलसीझने रेडिओग्रहणासाठी एक मंडल मांडले. आतली लहर बाहेरच्या संकेताशी ताडून पाहायची, फरक मोजायचा आणि त्यानुसार आतली लहर पुढे-मागे सारायची. हेच फेज-लॉक्ड लूप. दूरचित्रवाणी संचांत त्याने चित्राच्या रेषा जागेवर ठेवल्या, आणि 1970 च्या सुमारास ते एका चिपमध्ये मावले. 1971 साली टियर्नी, रेडर आणि गोल्ड यांनी साइन लहर तक्त्यातल्या आकड्यांतून घडवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. सौरपट्ट्यांच्या डीसी विजेची एसी करून ती जाळ्यात सोडणारा आजचा सौर इन्व्हर्टर याच वळणाचा आहे. त्याचे अर्धवाहक स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून हिशेबाने लहर रचतात आणि तिने चक्रात कुठे असावे हे लूप ठरवते. इथले नाते एकतर्फी आहे. इन्व्हर्टर जाळ्याचे ऐकतो, जाळे त्याला ओढून धरत नाही. ऐकण्यात चूक झाली तर सावरणारे कोणी नाही. 16 ऑगस्ट 2016 रोजी कॅलिफोर्नियात ब्लू कट वणव्यामुळे 500 केव्ही वाहिन्यांत दोष उद्भवले आणि सुमारे 1,200 मेगावॅट सौरवीज अचानक गेली. त्यातली सुमारे 700 मेगावॅट जाण्याचे कारण चक्रावणारे होते. दोषाच्या क्षणी वेडीवाकडी झालेली लहर पाहून इन्व्हर्टरांनी वारंवारता 57 हर्ट्झच्या खाली गेल्याचा हिशेब केला आणि स्वतःला तोडून घेतले. प्रत्यक्षात ती 60 च्या अगदी जवळ होती.

यावर कोणी म्हणेल, की ऐकण्याची ही कटकटच कशाला? उपग्रहाकडून अचूक वेळ मिळते, तेव्हा प्रत्येक इन्व्हर्टरने स्वतःच 50 हर्ट्झ धरावेत. सूचना आकर्षक आहे, पण ती वारंवारतेला नुसते घड्याळ समजते. वारंवारता ही बातमीही असते. मागणी वाढली की जनित्रे मंदावतात आणि त्या मंदावण्यातूनच शेकडो मैलांवरच्या केंद्राला तूट कळते. सगळ्यांनी 50 चा हट्ट धरला तर ही बातमीच बंद होईल, आणि ज्याच्या दारी मागणी वाढली त्यानेच ती एकट्याने सोसायची.

म्हणून मला 1993 सालचा एक शोधनिबंध महत्त्वाचा वाटतो. मुकुल चांदोरकर (पुढे आयआयटी मुंबईत प्राध्यापक), दीपक दिवाण आणि अडापा यांनी त्यात दाखवले, की भार वाढेल तशी इन्व्हर्टरने आपली वारंवारता जाणूनबुजून थोडी उतरवावी. मग समांतर जोडलेले इन्व्हर्टर आपसांत निरोपांची तार न टाकताही भार वाटून घेतात. अवजड जनित्राचा स्वभावच सूत्रात उतरवून लहरीला दिला गेला. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या हॉर्न्सडेलच्या 150 मेगावॅट बॅटरीला 2022 साली जनित्राच्या जडत्वाची नक्कल करण्याची परवानगी मिळाली, ती याच विचाराची पुढची पायरी. ही शेवटी नक्कलच, असा आक्षेप उरतो आणि तो अर्धा खरा आहे. जाळ्यात दोष आला की जनित्र काही क्षण आपल्या नेहमीच्या क्षमतेच्या कितीतरी पट प्रवाह ओतू शकते. इन्व्हर्टरचे अर्धवाहक मात्र क्षमतेच्या थोडेच वर टिकतात. सूत्राने त्यांना भार वाटून घेणे शिकवता आले, ताकद वाढवायची तर अधिक अर्धवाहक विकत घ्यावे लागतात.