परक्या मुलखातले मास्तर : पांडुरंग खानखोजे

दहिवडीत उभं राहून मेक्सिकोची गोष्ट कशाला, असं कुणालाही वाटेल. पण आपला माण म्हणजे पावसाने पाठ फिरवलेला मुलूख. इथे शेती शिकवायची तर आधी कोरडवाहूची भाषा यावी लागते. आजचा माणूस ती भाषा दुसऱ्यांच्या देशात जाऊन, दुसऱ्यांच्या बोलीत शिकवत होता.

पांडुरंग खानखोजे मूळचे वर्ध्याचे. टिळकांच्या प्रभावाखाली देश सोडला, तो लढण्याची तयारी करायला. अमेरिकेत ऑरेगनच्या शेतकी कॉलेजात शिकले, गदर चळवळीत उतरले, पहिल्या महायुद्धात इराणकडे गेले. सगळं फसलं. ब्रिटिशांच्या नजरेतला माणूस, मायदेशी परतायची सोय नाही. म्हणून 1924 मध्ये मेक्सिको.

तिथे नुकतीच क्रांती होऊन गेली होती. जमीनदारांच्या जमिनी कुळांना मिळत होत्या आणि चापिंगोच्या जुन्या हवेलीत राष्ट्रीय शेतकी विद्यालय आलं होतं. खानखोजे तिथे शिक्षक झाले. आता विचार करा, वर्ग स्पॅनिशमध्ये, विद्यार्थी मक्यावर वाढलेले, आणि मास्तर ज्वारीच्या मुलखातले! मका त्यांना काय शिकवायचा? तिथला शेतकरी मका, घेवडा आणि भोपळा एकाच रानात लावतो. आपल्याकडे बाजरीत मटकी-हुलगा टाकतात, तोच हिशेब. परक्या शिक्षकाला आधी अशा गोष्टी ओळखाव्या लागतात, मग शिकवायचं. त्यांनी मक्याच्या नव्या जाती काढण्यावर काम केलं; त्या कामाचे फोटो टीना मोदोत्ती या नामवंत छायाचित्रकार बाईंनी काढले. पण मला जास्त मोलाच्या वाटतात त्या त्यांच्या मुक्त शेतकी शाळा. कॉलेजात येऊ न शकणाऱ्या गरीब शेतकऱ्यांसाठी काढलेल्या. चित्रकार दिएगो रिव्हेराने मेक्सिको शहरातल्या शिक्षण खात्याच्या भिंतीवर 'रोजची भाकरी' अशा अर्थाचं चित्र काढलं, त्यात खानखोजेंचा चेहरा आहे, असं मानतात.

आणि आता बोचणारी गोष्ट. 1947 साली देश स्वतंत्र झाला, खानखोजेंनी परत यायची परवानगी मागितली, तर सुरुवातीला नकार आला! इंग्रजांच्या काळातली बंदी आपल्याच कचेरीत जिवंत होती. पुढे ती उठली, ते नागपूरला आले आणि 1967 मध्ये तिथेच गेले. चापिंगोला त्यांचा पुतळा बसला, त्याचं अनावरण 2022 मध्ये झालं.