जुना दाढीचा ब्रश दुरुस्त करताय? मूठ ठेवा, केस बदला

आजोबांच्या ट्रंकेत, जुन्या बाजारात किंवा भंगारवाल्याकडं दाढीचा जुना ब्रश अजून सापडतो. पितळी, लाकडी नाहीतर रंगीत मुठीचा. थोडी मेहनत घेतली तर तो पुन्हा वापरात येतो. मात्र मूठ आणि केस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूठ सहसा वाचवता येते, केसांचा हट्ट कधी कधी अंगाशी येतो.

जुन्या केसांचा धोका काय?

चांगल्या ब्रशला बॅजर या प्राण्याचे केस लावत, स्वस्त ब्रशला डुकराचे किंवा घोड्याचे. पहिल्या महायुद्धात बॅजरच्या केसांचा पुरवठा तुटला, तेव्हा घोड्याचे केस रंगवून तसेच दिसणारे ब्रश बाजारात आले. नीट निर्जंतुक न केलेल्या या केसांतून ब्रिटन आणि अमेरिकेत सैनिकांना व सामान्य लोकांना काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स झाला. काही जण दगावलेही. दाढी करताना झालेली बारीक जखम जंतूंना पुरेशी होती. ब्रिटनने १९२० मध्ये जपानी ब्रशच्या आयातीवर बंदी घातली.

अँथ्रॅक्सचे बीजाणू कोरड्या केसांत वर्षानुवर्षं तग धरतात. साबणाने धुऊन किंवा घरी उकळून ते मेलेच, याची खात्री देता येत नाही. धोका फार थोडा, पण १९३० पूर्वीच्या किंवा वय माहीत नसलेल्या ब्रशचे केस चेहऱ्याला लावू नयेत. ब्रश खरंच तेवढा जुना वाटत असेल तर तो न खोलता शोभेला ठेवलेलाच बरा.

एक केस पेटवून पाहिला की फरक कळतो. नायलॉन वितळून गोळी होते, प्राण्याचा केस जळक्या केसासारखा वास मारतो. नायलॉनचे तंतू १९३८ नंतरच बाजारात आले, त्यामुळे नायलॉनचा ब्रश त्याआधीचा नसतो.

मूठ कशी साफ करावी?

कोमट पाणी, भांडी घासायचा सौम्य साबण आणि दात घासायचा जुना ब्रश पुरतो. बोअरच्या जड पाण्याने बसलेला पांढरा थर पाण्यात थोडा व्हिनेगर घालून पुसला की निघतो. पितळ पितळेच्या पॉलिशने चमकतं. प्लास्टिकवरचे ओरखडे १००० ते २००० नंबरच्या पॉलिश पेपरने, पाणी लावून घासावेत. घासल्यावर कापरासारखा वास आला तर मूठ सेल्युलॉइडची समजावी. ती चटकन पेट घेते, म्हणून गरम पाणी, उन्हाळी ऊन आणि गॅस यांपासून लांब ठेवावी. मूठ हस्तिदंती निघाली तर विकायच्या भानगडीत पडू नये. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार हस्तिदंताचा व्यापार गुन्हा आहे.

नवे केस कसे बसवावेत?

अलीकडच्या ब्रशचे जुने केस आधी भिजवावेत, मग हातमोजे आणि मास्क घालून मुळाशी कापावेत. उरलेला गोंद ड्रिलने हळूहळू कोरून काढायचा. खाचेचा व्यास मोजून त्याच मापाचा तयार केसांचा गुच्छ घ्यावा, बहुतेक ब्रशना २० ते २६ मिलिमीटरचा बसतो. चिकटवण्याआधी गुच्छ नुसता ठेवून पाहावा. केस मुठीवर साधारण ५० मिलिमीटर दिसले की फेस चांगला होतो. खाच खोल असेल तर तळाशी भर घालावी. मग दोन ट्यूबवाला इपॉक्सी गोंद लावून २४ तास हात लावू नये.

पुढची काळजी

दाढी झाल्यावर साबण पूर्ण धुऊन, पाणी झटकून ब्रश हवेशीर जागी सुकवावा. उकळतं पाणी कधीच घालू नये, त्याने गोंद सुटतो आणि केस गळतात. एवढं सांभाळलं तर आजोबांची मूठ नातवाच्याही हातात राहील.