फाटकाबाहेरची हजेरी

आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला तुरुंगाची भिंत नाही. औंध संस्थानाने १९३९ मध्ये वसवलेल्या या वसाहतीत निवडक कैदी बायकामुलांसह राहतात, शेती करतात. त्यामुळे कैद्याला शिक्षा संपण्याआधीच बाहेरच्या कामाला लावणे मराठी वाचकाला नवे नाही. नवे आहे ते या प्रयोगाची मोजदाद करणारे शास्त्र. त्याच्या उंबरठ्यावर कॅनडाचा दाखला उपयोगी पडतो.

तिथे दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झालेला कैदी संघीय तुरुंगात जातो, त्याहून कमी शिक्षेचा प्रांताच्या तुरुंगात. संघीय कैद्याला देखरेखीखाली बाहेर काम करू देण्याची सोय १९९२ च्या कायद्यातील कलम १८ मध्ये आहे. परवानगी तुरुंगप्रमुख देतो. मुदत साठ दिवसांपलीकडे जायची असेल, तर आयुक्तांची मान्यता लागते. ‘डे पॅरोल’ ही गोष्ट वेगळी. ती सहसा पॅरोल मंडळ देते आणि कैदी रात्री बहुधा हाफवे हाउसमध्ये, म्हणजे तुरुंगाबाहेरच्या देखरेखीच्या निवासात, मुक्कामाला जातो. दोन्हींचे आकडे एकत्र कालवले, की कशाचा गुण आला ते कळत नाही.

खरी मेख निवडीत आहे. हुशार मुलांनाच प्रवेश द्यायचा आणि मग शंभर टक्के निकालाची जाहिरात करायची, हा शिकवण्यांचा खाक्या आपल्या परिचयाचा आहे. कामावर सोडलेले कैदी मुळात कमी धोक्याचे म्हणून निवडलेले असतात. ते पुन्हा गुन्ह्याकडे वळले नाहीत, तर श्रेय कामाचे की निवडीचे? अमेरिकेत १९७० च्या दशकात गुन्ह्याची पार्श्वभूमी असलेल्यांना नोकऱ्या चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यादृच्छिकपणे देऊन पाहिल्या गेल्या. समाजशास्त्रज्ञ क्रिस्टोफर युगेन यांनी २००० मध्ये ती माहिती पुन्हा तपासली, तेव्हा सत्तावीस आणि त्यापुढच्या वयाच्यांना कामाने सावरलेले दिसले; तरुणांवर तसा परिणाम आढळला नाही.

कामाची प्रतही पाहावी लागते. कॅनडाच्या संघीय तुरुंगात कैद्याच्या रोजाची कमाल पातळी १९८१ पासून ६.९० डॉलर आहे. २०१३ पासून जेवण-निवासापोटी त्यातूनही कपात होते. बाहेर एका तासाचे किमान वेतन याच्या दुपटीहून जास्त आहे. आतल्या कामाने पहाटे उठायची सवय लागेल. पण सुटल्यावर पहिल्या महिन्याचे भाडे भरण्याइतकी शिल्लक त्यातून पडणे कठीण.

शेवटी, यश म्हणजे काय? संघीय तुरुंगात परतलेलेच मोजले, तर नव्या गुन्ह्यासाठी अठरा महिन्यांची शिक्षा होऊन प्रांताच्या तुरुंगात गेलेला माणूस कागदावर ‘सुधारलेला’ ठरतो. म्हणून या क्षेत्रात येणाऱ्याने टक्केवारी वाचण्याआधी विचारावे: हजेरी कोणत्या फाटकावर घेतली?