लहान जहाज, सगळे दोर

गोंदिया जिल्ह्याची ओळख तलावांची, समुद्राची नाही. नवेगावबांधसारख्या तलावात डोंगा फिरतो तो हाताच्या बळावर. तिथे शिडाचे काम पडत नाही. रेल्वेने मुंबई साडेनऊशे किलोमीटरहून दूर. अशा मुलखात कुणी शिडाच्या जहाजाची प्रतिकृती करायला घेतली, तर पहिली अडचण दोरांची येते. लाकडी पट्ट्या वाकवून, चिकटवून सांगाडा उभा करता येतो. पण डोलकाठीवरून उतरणारा प्रत्येक दोर कुठून निघतो, कोणत्या कप्पीतून जातो आणि कुठे बांधला जातो, हे कळल्याशिवाय पुढे सरकता येत नाही.

या दोरांच्या दोन जाती आहेत. काही डोलकाठीला जागच्या जागी धरून ठेवतात. त्यांना डांबर पाजलेले असते, म्हणून ते काळपट दिसतात. बाकीचे शीड चढवतात, उतरवतात, वाऱ्याप्रमाणे वळवतात. ते फिकट आणि लवचीक. प्रतिकृतीतही हा रंगभेद पाळतात. १:१०० या प्रमाणात २४ मिलिमीटर जाडीच्या दोराला पाव मिलिमीटरहूनही बारीक धागा लागतो. धाग्याची लव बसावी म्हणून तो मधाच्या पोळ्याच्या मेणावरून ओढून घेतात.

समुद्रापासून दूर जहाज रेखाटण्याची परंपरा मात्र महाराष्ट्रात जुनी आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात पाचव्या शतकातले जहाज आहे : तीन डोलकाठ्या, उंच उभट शिडे, नाळेवर रंगवलेला डोळा, मागच्या बाजूला रांजण. अजिंठा ज्यांच्या काळात बहरला त्या वाकाटकांचे राज्य विदर्भाचे. किनाऱ्यापासून इतक्या आत बसलेल्या चित्रकाराने शिडे अशी काढली, की दीड हजार वर्षांनी त्यावरून खरे जहाज बांधता आले.

ते जहाज म्हणजे भारतीय नौदलाचे ‘कौंडिण्य’. गोव्यात ‘होडी इनोव्हेशन्स’च्या आवारात केरळचे कारागीर बाबू शंकरन आणि त्यांच्या साथीदारांनी फळ्या काथ्याने शिवून ते उभे केले. मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झाले आणि डिसेंबरात पोरबंदरहून मस्कतला निघाले. आराखडा कुणाकडेच नव्हता, होते ते फक्त चित्र. म्हणून आधी आयआयटी मद्रासमध्ये छोट्या प्रतिकृतीवर पाण्यातल्या चाचण्या झाल्या. छांदिष्टाच्या टेबलावरचे काम इथे मोठ्या जहाजाच्या आधी आले, ही मोलाची गोष्ट आहे.

दुसऱ्या टोकाला ‘ट्रिंकोमाली’. ही फ्रिगेट मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांनी मलबारच्या सागातून बांधली. इंग्लंडहून तिचे आराखडे ‘जावा’ या युद्धनौकेवरून येत होते. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ‘जावा’ला गाठून हरवले, आणि जहाजाबरोबर आराखडेही गेले. दुसऱ्या नकला मागवाव्या लागल्या. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ‘ट्रिंकोमाली’ पाण्यात उतरली, आणि आज ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. तिची प्रतिकृती करणाऱ्याला अंदाजाने फार थोडे करावे लागते. मूळ जहाज पाहता येते, शिवाय डेव्हिड स्टीलच्या १७९४ च्या ग्रंथात निरनिराळ्या आकारांच्या जहाजांसाठी कोणता दोर किती जाड, याचे तक्तेच दिलेले आहेत.

मराठा आरमारातल्या आंग्र्यांच्या गलबतांना असे तक्ते लाभले नाहीत. इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने अठराव्या शतकात त्यांचे जे थोडके वर्णन लिहिले, ते म्हणूनच लाखमोलाचे. गलबत सहसा ७० टनांच्या आतले. डोलकाठ्या दोन, त्यांतली मागची बारीक. मोठ्या काठीला एकच भले थोरले तिकोनी शीड, आणि ते चढवले की त्याचे टोक डोलकाठीच्याही वर जाई. ४० ते ५० वल्ही. प्रतिकृतीच्या दोरांची जुळणी करायला एवढे वर्णन पुरे नाही, पण ते दिशा दाखवते. शिडाचे टोक काठीच्या वर जात असेल, तर शिडाची तिरपी काठी लांबलचक हवी. ती वर खेचणारा दोर दणकट हवा. आणि वारा बदलला की शिडाचा खालचा कोपरा सोडून पुन्हा बांधण्याची सोय हवी. कोकणातल्या जुन्या शिडाच्या होड्यांची छायाचित्रे पाहून हा तर्क ताडून घेता येतो.

बाजारात मिळणाऱ्या तयार संचांत युरोपी जहाजे भरपूर आहेत. मराठी छांदिष्टाने हात बसवण्यापुरते एखादे जरूर करावे, पण मन घालावे ते गलबतात. सामान तर गोंदियातच आहे. इथला साग मात्र लहान प्रमाणात उपयोगाचा नाही. त्याचे रेषे भरड दिसतात. पूर्व विदर्भातल्या कोशाच्या रेशमाचा मूळचा सोनेरी-तपकिरी रंग हलत्या दोरांना शोभतो. आणि ऑर्मने टिपलेला एक तपशील तर थेट गोंदियाच्या जंगलापर्यंत येऊन पोचतो : गलबत हलके राहावे म्हणून त्याचा डेक सहसा चिरलेल्या बांबूचा केलेला असे.