दोन भाषांतील भावंडे

प्रवरातीरावरील नेवासा आज तालुक्याच्या कचेरीचे गाव असले, तरी शके 1212 मध्ये, रामदेवराव यादवांच्या अंमलात, ज्या पैस खांबाला टेकून ज्ञानदेवांनी संस्कृत गीतेचा भावार्थ मराठीत सांगितला असे परंपरा मानते, त्या खांबामुळेच या क्षेत्राची कीर्ती साऱ्या मराठी मुलखात पसरली. त्याच ज्ञानदेवांचे चरित्र दामले-फत्तेलाल या दिग्दर्शकद्वयाने 1940 मध्ये पुण्याच्या प्रभात कंपनीतर्फे पडद्यावर आणले, ते मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत. ज्ञानदेव झाले शाहू मोडक. दोन भाषांतून भावंडांची गोष्ट सांगण्याचा असाच प्रयोग पुढे परदेशातही झाला. अमेरिकेत 2004 साली सुरू झालेल्या ‘माया अँड मिगेल’ या व्यंगपटमालिकेने लॅटिनो कुटुंबाचे घरगुती जीवन इंग्रजी-स्पॅनिशच्या संगमातून बालकांपुढे ठेवले, हे स्तुत्यच; परंतु संन्याशाची पोरे म्हणून समाजाने वाळीत टाकलेल्या निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई या चार पोरक्या भावंडांचे परस्परांवरील वात्सल्य, आणि त्यांना घेऊन योगी चांगदेवांच्या भेटीस निघालेली ती चालती भिंत, प्रभातने त्याच्या कितीतरी आधी दोन भाषांच्या प्रेक्षकांसमोर उभी केली होती, आणि माझ्या मते त्या भिंतीच्या चमत्काराहून भावंडांच्या जिव्हाळ्याचेच मोल अधिक आहे. मुलांना नेवाशास नेणाऱ्या पालकांनी त्यांना आधी हा चित्रपट अवश्य दाखवावा.