शहर उरले नाही, बोली उरली: रेवदंडा, कोर्लई आणि जुने गोवे

१/
अलिबागहून मुरूडकडे जाणारा रस्ता रेवदंड्यात जुन्या तटबंदीतून आत शिरतो. आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, घरे आहेत आणि झाडांच्या शेंड्यांवर डोके काढून उभा असलेला एक एकाकी मनोरा आहे. लोक त्याला ‘सातखणी’ म्हणतात. अनेकांना तो टेहळणीचा बुरूज वाटतो. वास्तविक तो फ्रान्सिस्कन पंथाच्या चर्चचा मनोरा आहे. त्याच्या पायथ्याचे चर्च गेले, मठ गेला आणि ज्या शहरासाठी तो बांधला गेला तेही गेले.

२/
त्या शहराचे नाव चौल. हे बंदर पोर्तुगीजांहून कितीतरी जुने. टॉलेमीच्या भूगोलात ते ‘सिमुल्ला’ म्हणून येते, अरब प्रवासी त्याला ‘सैमूर’ म्हणत. दहाव्या शतकाच्या आरंभी अल-मसूदी येथे येऊन गेला. पंधराव्या शतकात रशियन व्यापारी अफनासी निकितीन याच बंदरात उतरला. घोडे, कापड आणि मसाले यांची ही मोठी पेठ होती.

३/
१५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्तचे मामलुक आणि गुजरातचा मलिक अयाझ यांच्या संयुक्त आरमाराने पोर्तुगीजांचा पराभव केला. व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द अल्मेदा याचा मुलगा लोरेन्सो त्यात मारला गेला. तरीही पोर्तुगीज हटले नाहीत. १५२१ च्या सुमारास अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाच्या परवानगीने त्यांनी रेवदंड्यात गढी बांधण्यास आरंभ केला. पुढे गढीभोवती शहर वाढले. वरचे चौल निजामशाहीकडे आणि खाडीच्या मुखावरचे चौल पोर्तुगीजांकडे, अशी विभागणी झाली.

४/
या शहरात फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट आणि ऑगस्टिनियन या चारही प्रमुख पंथांनी आपापली चर्चे व मठ उभारले. गोव्याच्या मानाने आकार लहान, पण घडण तीच. दोन्ही शहरांचे नशीबही एकमेकांत गुंतलेले होते. १५७० मध्ये दख्खनच्या सुलतानांनी एकाच वेळी दोन वेढे घातले. विजापूरच्या अली आदिलशाहाने गोव्याला आणि अहमदनगरच्या मुर्तजा निजामशाहाने चौलला. १५७१ मध्ये दोन्ही वेढे निष्फळ ठरले आणि दोन्ही शहरे वाचली.

५/
१५९४ मध्ये पोर्तुगीजांनी खाडीपलीकडचा कोर्लईचा डोंगर निजामशाहीकडून जिंकला. समुद्रात घुसलेल्या या डोंगरावरून खाडीचे मुख पूर्णपणे ताब्यात येत असे. त्याला ते ‘मोरो द चौल’ म्हणत, म्हणजे चौलचा डोंगर. किल्ल्यात तोफांच्या शेजारी एक चर्चही होते. छप्पर उडालेल्या त्याच्या भिंती आजही दिसतात.

६/
पुढे मराठ्यांची सत्ता वाढत गेली. १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या काळात चौलला वेढा पडला, पण शहर पडले नाही. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर मात्र उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्तेचा कणाच मोडला. १७४० च्या तहाने चौल आणि कोर्लई मराठ्यांच्या हाती आले. दोन शतकांहून अधिक काळ चाललेला एक अध्याय संपला.

७/
येथे एक प्रश्न उभा राहतो. जुने गोवेही ओस पडलेच होते. साथीच्या रोगांनी ते पोखरले, १७५९ मध्ये व्हाइसरॉयने आपला मुक्काम पणजीला हलवला आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. मग एका ओस शहरात आज हजारो यात्रेकरू का येतात आणि दुसऱ्यात नारळाच्या वाड्या का आहेत?

८/
सत्तांतर हे एक कारण झाले. गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडेच राहिला. दुसरे कारण आहे एका संताचा देह. फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर वारले. १५५४ मध्ये त्यांचा देह गोव्यात आणला गेला आणि पुढे बॉम जेझू चर्चमध्ये ठेवला गेला. साधारण दर दहा वर्षांनी त्याचे सार्वजनिक दर्शन होते. अलीकडचे २०२४-२५ च्या हिवाळ्यात झाले. शहरातली माणसे गेली, तरी यात्रेकरूंची वाट मोडली नाही. म्हणून चर्चची छपरे शाकारली गेली आणि भिंतींची निगा राहिली.

९/
यात्रा सगळेच वाचवते असे मात्र नाही. त्याच जुन्या गोव्यातील टेकडीवर सेंट ऑगस्टिनचे भव्य चर्च होते. १८३५ मध्ये धार्मिक पंथांना गोव्यातून जावे लागले आणि मठ रिकामा झाला. १८४२ मध्ये त्याची कमान कोसळली. आज तेथे अर्धा मनोरा उभा आहे. बॉम जेझूपासून तो चालत जाण्याच्या अंतरावर आहे, पण यात्रेकरूंची पावले तिकडे वळत नव्हती. सातखणी आणि हा मनोरा यांची कहाणी एकच आहे.

१०/
रेवदंड्याला असा संत लाभला नाही. पण इथली सगळी माणसे गोव्याला गेली नाहीत. पोर्तुगीज निघून गेल्यावर मागे राहिलेल्या ख्रिस्ती कुटुंबांची वस्ती खाडीपलीकडे, कोर्लईच्या डोंगराच्या पायथ्याशी टिकली. तेथे त्यांचे चर्च आहे, माउंट कार्मेलच्या मातेचे. शहरातील चर्चे पडत गेली, गावातील चर्चमध्ये प्रार्थना चालू राहिली.

११/
या कुटुंबांनी आणखी एक गोष्ट सांभाळली, ती म्हणजे बोली. ते तिला ‘नौ लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आमची भाषा’. पोर्तुगीज शिपाई, त्यांची घरे आणि त्या घरांत राबणारी स्थानिक माणसे यांच्या रोजच्या व्यवहारातून ती घडली. शब्दांचा साठा बहुतांशी पोर्तुगीज. वाक्याची ठेवण मात्र मराठीकडे झुकलेली. पोर्तुगीजमध्ये क्रियापद साधारणतः कर्माच्या आधी येते, नौ लिंगमध्ये ते मराठीप्रमाणे शेवटी जाते. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी तिच्यावर १९९६ मध्ये ग्रंथच लिहिला.

१२/
याला नवल म्हणण्याआधी आपल्याच बोलण्याकडे पाहावे. पाव, बटाटा, चावी, पगार, हापूस हे शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडूनच आले. आपण त्यांचे शब्द घेतले आणि कोर्लईकरांनी मराठीची वाक्यरचना घेतली. देवघेव दोन्ही बाजूंनी झाली.

१३/
१७४० नंतर ही बोली टिकली कशी? खाडीमुळे गाव काहीसे अलग राहिले. धर्म वेगळा असल्याने सोयरीक बहुधा आपसांतच होई. शिवाय पोर्तुगीज जाणणारे पाद्री गावात येत राहिले, त्यामुळे चर्चमध्ये मूळ भाषेशी संबंध राहिला. १९६० च्या दशकात हे चित्र पालटले. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-१९६५) लोकभाषेत उपासना करण्याची मुभा दिली. कोर्लईची लोकभाषा म्हणून चर्चमध्ये मराठी आली. गाव शेजाऱ्यांच्या अधिक जवळ आले आणि बोलीचा एक जुना आधार सुटला.

१४/
१९८६ मध्ये दोन घटना घडल्या. जुन्या गोव्यातील चर्चे आणि मठ यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. आणि रेवदंड्याच्या खाडीवर पूल झाला. पुलामुळे कोर्लईच्या मुलांना शाळा, नोकरी, दवाखाना जवळ आला, आणि ते हवेच होते. पण त्याच वाटेने मराठीचा वावर घराघरांत वाढला. आज नौ लिंग बोलणारे हजाराच्या घरात आहेत. घरात आईवडील मुलांशी कोणत्या भाषेत बोलतात, यावर तिचे पुढचे आयुष्य ठरेल.

१५/
वसाहतकालीन वारसा म्हटले की कॅमेरा तटबंदीकडे वळतो. दगडाला संरक्षित स्मारकाचा फलक लावता येतो, त्याची डागडुजी करता येते. बोलीला कुंपण घालता येत नाही. ती रोज कुणीतरी बोलावीच लागते. ती पोर्तुगालची उरलीसुरली खूण आहे असेही नाही. कोकणच्या खाडीवर, कोकणी माणसांच्या तोंडी घडलेली ती इथलीच भाषा आहे.

१६/
सातखणी पाहायला जाणाऱ्यांनी पूल ओलांडून कोर्लईलाही जावे. किल्ल्यावरून खाडीचे मुख दिसते आणि हे बंदर सर्वांना का हवे होते ते नकाशाशिवाय कळते. उतरताना गावातून यावे. ओट्यावर बसलेल्या आजीने नातवाला हाक मारली, तर क्षणभर थांबून ऐकावे. चौल शहरातून जिवंत उरलेले जे काही आहे, त्याचा मोठा भाग त्या हाकेत आहे. (समाप्त)