कापलं तरी फुटणारं

आमचं माहेर जसोंडीचं. वैशाखात तिथे गेलं की केळीचे बाग हिरवेगार, आणि सातपुड्याच्या डोंगरात शिरलं की सगळी झाडं पानं टाकून उभी. लहानपणी मला वाटायचं, बाग जिवंत आणि डोंगर मेलेला. आई म्हणायची, "बागेचं पाणी आठ दिवस बंद कर, मग सांग जिवंत कोण ते!"

आईनं शास्त्र शिकलेलं नव्हतं, पण ती बोलली ते शास्त्रच होतं. झाडाची अंगलक्षणं बघायची आणि वाईट दिवसात ते कसं वागेल हे ओळखायचं. आज जगभरचे वनस्पतिशास्त्रज्ञ हेच करतात. हवा तापते आहे, पाऊस बेभरवशाचा झाला आहे, तेव्हा कोणतं जंगल टिकेल याचा अंदाज ते पान, खोड आणि मूळ यांच्यावरून बांधतात.

ही नजर मात्र आजची नाही. आपल्या घरात तर ती फार जुनी. दहाव्या शतकातल्या आचार्य नेमिचंद्रांच्या 'गोम्मटसारा'त साधारण आणि प्रत्येक वनस्पती कशा ओळखाव्यात ते सांगितलं आहे. जिच्या शिरा, सांधे आणि पेरं स्पष्ट दिसत नाहीत, जी मोडली तर सारखी मोडते, मध्ये तंतू राहत नाही, आणि जी कापली तरी पुन्हा उगवते, ती साधारण. याच्या उलट ती प्रत्येक. कापल्यावर उगवणारीला तिथे 'छिन्नरुह' असा शब्द आहे. सासूबाई भाजी निवडताना कोवळी काकडी मोडून बघायच्या, ते कशासाठी हे मला हा भाग वाचल्यावर कळलं. हेतू अहिंसेचा होता. कमीत कमी जीवांना इजा व्हावी म्हणून वनस्पतीकडे इतकं निरखून बघितलं गेलं.

युरोपात ही नजर वेगळ्या वाटेनं आली. अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट १८०२ साली दक्षिण अमेरिकेतल्या चिंबोराझो पर्वतावर चढला. उंची आणि थंडी वाढते तशी झाडांची रूपं बदलतात हे त्यानं चित्र काढून दाखवलं. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डेन्मार्कच्या राउंकियरनं एक साधा प्रश्न विचारला: वाईट ऋतूत झाड आपला कोंब कुठे जपतं? उंच फांदीवर, जमिनीलगत, की मातीच्या आत? आपली हळद आणि आलं उन्हाळ्यात वरून नाहीसं होतं, पण कोंब मातीत सुखरूप असतो. कोणत्या मुलखात कोणत्या रीतीची झाडं जास्त, ते मोजलं की तिथलं हवामान कळतं, असं त्याचं म्हणणं.

आमच्या भागात मात्र झाडाचा गुण बघितला गेला तो कारखान्यासाठी. नेपानगरला देशातला पहिला वर्तमानपत्री कागदाचा कारखाना उभा राहिला. १९५६ मध्ये पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. कागदासाठी निवडली सलई आणि बांबू. सलईचं लाकूड मऊ आणि हलकं, लगदा करायला सोयीचं. तिचा डिंक आपण धूप म्हणून जाळतो, तीच ही. देशाला कागद हवा होता, त्यात चूक काय? पण सलईचा मऊपणा हा तिच्या कामाचा असू शकतो, हे तेव्हा कुणाला विचारावंसं वाटलं नाही.

आता तेच विचारलं जातं. हलकं खोड पाणी साठवतं. सलई उन्हाळ्याआधीच पानं टाकते, म्हणजे पाण्याचा खर्चच बंद. वरून तोडली तर मुळांतून नवे कोंब येतात. शेजारच्या अंजनाची रीत निराळी. लाकूड लोखंडासारखं जड, पान छोटं आणि जोडीचं, सोटमूळ खोल. एक काटकसर करून जगते, दुसरा खोल विहीर खणून. केळीचं पान रुंद, मुळं उथळ. म्हणून तर लू सुरू झाली की बागवान कडेनं शेवरी आणि गजराज गवताचं कुंपण करतात.

२००४ मध्ये १७५ ठिकाणच्या २,५४८ जातींच्या पानांचा हिशेब एकत्र मांडला गेला. निघालं ते आपल्या घरखर्चासारखंच. पातळ पान स्वस्तात होतं, भरभर कमावतं, लवकर गळतं. जाड पान महाग पडतं, पण टिकतं. पुण्याच्या आयसर संस्थेतल्या अभ्यासकांनी २०१७ मध्ये आपल्याकडच्या ४१ जातींची पानं तापवून बघितली. जाड, दळदार पानं जास्त उष्णता सोसतात, भरभर वाढणाऱ्यांची पातळ पानं आधी हार मानतात, असं दिसलं.

पण एका गुणावर निकाल देता येत नाही. सलईच्या अंगावर मे महिन्यात पानच नसतं, मग तापणार काय? तिची खरी परीक्षा पाऊस लांबला आणि पानं असतानाच ऊन कडकलं तर. शिवाय गुरं, वणवा आणि कुऱ्हाड यांचा हिशेब पानात लिहिलेला नसतो. छिन्नरुह झाड पुन्हा फुटतं खरं, पण दर वर्षी तोडलं तर किती वेळा फुटणार?

हे सगळं मी का सांगते? आमचं महिला मंडळ दर पावसाळ्यात झाडं लावतं. रोपं फुकट मिळतील ती आणतो, फोटो काढतो, आणि पुढच्या वैशाखात बरेच खड्डे रिकामे. मीही त्यातलीच. जिवाला जपायचं व्रत घेतलेल्या आपण, त्या रोपाला उन्हाळा झेपेल का हे एकदाही विचारलं नाही. यंदा मी रोपवाटिकेत आधी पान बोटांत धरून बघणार आहे, मूळ कसं जातं ते विचारणार आहे, आणि अंजनाची पाच रोपं मागणार आहे. ती सावकाश वाढतील. त्यांची सावली बहुतेक माझ्या नातवंडांनाच मिळेल.